चपातीच्या डब्यातली फ्लॉपी

रफीक शिकलगार गेल्याचं मला कळलं तेव्हा मी दूध संघाच्या ऑफिसात एका पानाची बेरीज करत होतो. त्याचा थोरला भाऊ दस्तगीर टेबलासमोर येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. "सदाभाऊ, रफीक गेला. मिरजेत. सकाळी," एवढंच म्हणाला. मी मान हलवली. मग उरलेल्या ओळींची बेरीज पुरी केली, खाली आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि उठलो. त्या बेरजेत चूक नव्हती. नंतर मी ती पुन्हा तपासून पाहिली. तेव्हा असं का केलं, हे मला सांगता येत नाही. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, मला धक्का बसला. मला तसं काही जाणवलं नाही. जिना नेहमीसारखाच उतरलो, चपला नेहमीच्या जागी होत्या... फक्त रस्त्यावर आल्यावर दस्तगीर काय बोलतोय ते मला जरा उशिरा ऐकू येत होतं. मी त्याला म्हणालो, "मिरजेला तो प्रोग्रॅम तपासायला गेला होता ना?" तो चालता चालता थांबला. "कसला प्रोग्रॅम? दवाखान्यात जात हुता त्यो. हृदयाची झडप खराब झालती. सा-सात म्हयनं जातोय म्हणं. आमाला बी आजच कळलं."

वाचकांपैकी फार थोड्यांना रफीकचं नाव माहीत असेल. पण आमच्या भागात ज्यांच्या दारात म्हैस आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हातात दर दहा दिवसांनी दुधाच्या बिलाची जी पट्टी पडते, ती त्याच्या प्रोग्रॅममधून छापून येते. त्यावर त्याचं नाव नाही. नाव घालायला मीच एकदा सुचवलं होतं, तेव्हा म्हणाला, "बिलावर म्हशीचं नाव हाय का? मग माझं कशाला?"

आम्ही दोघे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले, एका शाळेतले, एका तालमीच्या फुटबॉल टीममधले. तो गोलकीपर होता आणि मी बहुतेक वेळा बाहेर बसून गोल लिहायचो. त्याचे वडील धार लावायचं काम करत. लाकडी चौकटीवर बसवलेलं चाक खांद्यावर घेऊन ते पेठेपेठेतून आणि बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून फिरायचे. विळे, कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे. चाकावर पाणी थेंब थेंब पडत राहावं म्हणून चौकटीला पत्र्याचा एक डबा टांगलेला असे, आणि वर भरायला पाण्याची बाटलीही तेच बरोबर नेत. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, की चाचा, एवढं ओझं आहे, पाणी तरी गिऱ्हाइकाकडं मागावं. ते म्हणाले, "पाणी मागितलं की घरातलं एक माणूस उठतंय. उठलं की वैतागतंय. आन् तांब्या हातात देतील का वरनं वततील, ते बी बघत बसा. त्यापरास आपली बाटली बरी." रफीक शेजारीच उभा होता. हे वाक्य माझ्यापेक्षा त्याच्या जास्त लक्षात राहिलं असणार.

तो विज्ञानाचा पदवीधर झाला, पुण्याला एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत नोकरी केली, आणि ऐंशीनंतर केव्हातरी परत आला. मंगळवार पेठेत भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर एक खोली घेतली. आमच्या संघात तेव्हा नुकताच युनिक्स नावाच्या सिस्टीमवर चालणारा कॉम्प्युटर आला होता. त्याच्यासाठी थंड हवेची खोली केली होती आणि आत जाताना चपला काढायला लागायच्या. देवघराएवढा मान आणि काम मात्र थोडं. बिलं हातानेच निघत होती. मी हिशेब विभागातला, म्हणून रफीकला घेऊन गेलो. त्याने एक मोठा प्रोग्रॅम लिहिला नाही. छोट्या छोट्या आज्ञा, म्हणजे एकेका कामाचे लहान प्रोग्रॅम, लिहिल्या. एक फक्त हव्या त्या संस्थेच्या ओळी निवडायची, तिचं नाव 'निवड'. दुसरी फक्त बेरीज करायची, तिचं नाव 'बेरीज'. तिसरी पट्टी छापायची. पहिलीने काढलेलं दुसरीच्या हातात, दुसरीचं तिसरीच्या हातात. मला हे पटलं, कारण हिशेबाची खातीही आम्ही अशीच चालवतो. एका माणसाने सगळं केलं की चूक कुठे झाली ते सापडत नाही. आकडेही तो यंत्राच्या आतल्या भाषेत न ठेवता साध्या अक्षरांत ठेवायचा. एका कंपनीचं यंत्र आकडा उजवीकडून मांडतं, दुसरीचं डावीकडून; साधी अक्षरं सगळीकडे सारखीच वाचली जातात, असं त्याचं म्हणणं.

संघाने मग गावोगावचं दूध गोळा करून थंड ठेवणाऱ्या चिलिंग सेंटरवरही लहान यंत्रं बसवली. मुरगूडचं पहिलं. तिथला ऑपरेटर संपत चौगुले हा बोलायला मोकळा आणि कामाला पक्का. त्या दिवशी काय झालं ते रफीक पुढे नेहमी सांगायचा, म्हणून मीही सांगतो. त्याने आपल्या खोलीतल्या नव्या यंत्रावर तिन्ही आज्ञा तयार केल्या, दहा वेळा चालवून बघितल्या, आणि बिलाच्या दिवशी सकाळी मुरगूडला नेऊन घातल्या. चालेनात. गावोगावच्या दूध संस्थांचे सेक्रेटरी पिशव्या घेऊन ओसरीवर बसलेले, आणि आत यंत्र म्हणतंय की हे चालवता येत नाही. संपत ओरडला, "आवो, फाईल हाय की समूर! नाव दिसतंय, साईज दिसतीया, मग चालवायला काय धाड भरलीया?"

कारण नंतर कळलं. प्रोग्रॅमला नेहमी लागणारी बारीकसारीक कामं असतात, म्हणजे फाईल उघडणं, आकडा छापणं वगैरे. ती आधीच कुणीतरी लिहून ठेवलेली असतात. त्या साठ्याला लायब्ररी म्हणतात. नव्या यंत्रांवर अशी सोय आली होती, की प्रत्येक प्रोग्रॅमने ती कामं स्वतःजवळ न बाळगता यंत्रावरच्या एकाच सामाईक लायब्ररीतून वापरावीत. त्याने जागा वाचते. रफीकच्या खोलीत ती लायब्ररी होती, म्हणून सगळं नीट चाललं. मुरगूडच्या यंत्राची सिस्टीम जुनी. तिथे ती नव्हती. प्रोग्रॅम तिथे गेला खरा, पण त्याचं अर्धं सामान कोल्हापुरात राहिलं होतं. त्या दिवशी बिलं हाताने लिहिली. रफीकही मांडी घालून लिहायला बसला. त्याचं अक्षर वाईट, त्यावरून सेक्रेटरी लोकांनी त्याला बोलून घेतलं. "पावणं, ह्ये साडेतीन हाय का साडेआट? म्हशीला बी वाचता आलं पायजे!" तो हसत होता. परत येताना एसटीत कागल आलं तेव्हा म्हणाला, "पाण्याची बाटली इसरली बघ माझी."

त्यानंतर त्याने ती सामाईक सोय वापरलीच नाही. लागणारं सगळं प्रोग्रॅमच्या पोटातच घालून एकसंध करायचा. आणि नुसतं घालून थांबायचा नाही, परक्या यंत्रावर तपासल्याशिवाय कुणाला द्यायचा नाही. स्वतःच्या यंत्रावर चालणं म्हणजे चालणं नव्हे, हा त्याचा नियम झाला. इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत, कागलच्या एका कारखान्यात त्याच्या ओळखी होत्या. रविवारी तिकडे जायचा, त्यांच्या यंत्रावर एक नवं, रिकामं खातं उघडायला लावायचा आणि त्यात आपली आज्ञा चालवून बघायचा. फ्लॉपी नेण्यासाठी त्याने स्टीलचा चपातीचा डबा धरला होता. एसटीच्या गर्दीत फ्लॉपी वाकते, धूळ जाते. डब्यात ती फडक्यात गुंडाळून सपाट बसायची. हा डबा आमच्या आईने त्याच्या लग्नात दिलेला. झाकणावर दोघांची नावं कोरलेली आहेत, रफीक आणि जुबेदा. जुबेदा वहिनी म्हणायच्या, "भावजी, तुमच्या आईनं डबा चपात्यांला दिलता. आमच्या घरात चपात्या परातीत आन् काळी तबकडी डब्यात."

संपतला त्याने आपली पद्धत समजावली ती मला आठवते. "प्रोग्रॅम म्हंजे पावणा, संपत. पावण्यानं आपलं हातरूण, ताट, तांब्या सगळं संगं आणायचं. यजमानाकडं बसण्यापुरती जागा मागायची, बास." संपत म्हणाला, "असला कसला वो पावणा? दारात आला आन् च्या सुदिक घेतला न्हाय, तर आमची म्हातारी त्येला पुन्यांदा उंबऱ्यात घेणार न्हाय."

काम संपलं की त्याची प्रत्येक आज्ञा पडद्यावर एक शब्द दाखवायची, येतो. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपला. आमच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख मोहिते साहेब यावर चिडायचे. पुण्याहून आलेले, कामाचे माणूस, पण रीतीचे फार. ते म्हणाले, "शिकलगार, काम नीट झालं तर प्रोग्रॅमने गप्प बसायचं असतं. युनिक्सची ही रीत आहे. तुमचा शब्द उद्या बिलात छापला जाईल." रफीक म्हणाला, "बिलात न्हाय जाणार साहेब, त्येची वाट येगळी काढलीया, फक्त पडद्यावर दिसतोय. आन् कोल्हापुरात न सांगता उठून गेला तर मानसं म्हणतील, रुसून गेला." मोहित्यांना हसू आलं, तो शब्द राहिला. मग सेंटरवरच्या ऑपरेटरांना सवय लागली. पडद्यावर 'येतो' आलं की ते तोंडाने "या की!" म्हणायचे. संपत तर हातसुद्धा जोडायचा.

डिस्कवरच्या जागेवरून मात्र मोहिते ऐकत नव्हते. सामाईक लायब्ररी वापरली तर आठ किलोबाइटमध्ये बसणारी आज्ञा रफीकच्या पद्धतीने तेहतीस किलोबाइटची होत होती. त्याच्या आज्ञा तोवर वीस झाल्या होत्या. म्हणजे पाचशे किलोबाइट जास्त. चाळीस मेगाबाइटच्या डिस्कवर हे सव्वा टक्का होतं. मी मोहित्यांना हाच आकडा सांगितला, आणि रफीकलाही सांगितलं की सव्वा टक्का वाया जातोय हे खरंच आहे. मला गोष्ट आहे तेवढीच सांगायची सवय आहे. शिवाय मला हे विचित्र वाटायचं, की आकडा छापण्याचं तेच ते काम वीस ठिकाणी वीस वेळा बाळगायचं. तसं मी म्हटलं. रफीक म्हणाला, "वीस जणांस्नी परक्या गावात एकट्यानं ऱ्हायाचं हाय, सदा."

शेवटचे सहा-सात महिने तो मधूनमधून मिरजेला जायचा. आम्हाला सांगायचा, तिथे एक नवं यंत्र बघितलंय, त्यावर तपासून येतो. पिशवीत डबा असायचा. संशय यायचं कारण नव्हतं. थोडा वाळला होता. माडीचा जिना चढून आला की बोलायच्या आधी थांबायचा. मी विचारलं तर म्हणाला, "वय झालं की लेका. तू काय आता सेंटर फॉरवर्ड हाईस व्हय?" मीही चाळिशी ओलांडलेली. मला ते उत्तर पुरलं.

शेवटची भेट त्याच्या खोलीत झाली, तो जायच्या आदल्या आठवड्यात. खालच्या दुकानात कुणीतरी पातेल्यावर नाव कोरून घेत होतं, तो ठोके वाजायचा आवाज सारखा येत होता. मुरगूडला जुन्या यंत्राच्या जागी नवं येणार होतं. वेगळ्या कंपनीचं, प्रोसेसर त्याच घराण्यातला, पण सिस्टीम नवी. पुढचं बिल त्यावर काढायचं होतं. त्याने डबा माझ्यापुढे सरकवला. "ह्यात हाईत सगळ्या. कॉपी करायच्या आन् चालवायच्या. मिरजेच्या यंत्रावर तपासल्यात." मी म्हणालो, "तू येणार नाहीस?" "गरज न्हाय पडणार." "आणि अडलं तर?" त्याने खिडकीबाहेर बघितलं. "न्हाय अडणार रे..." आणि मग, "डबा ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच." मी फ्लॉपी उजेडाला धरून बघितली, फडक्यात परत ठेवली आणि निघालो. दाराशी 'येतो' म्हणालो. तो 'ये' म्हणाला की नाही, आठवत नाही. ठोक्यांचा आवाज आठवतो.

तर, बातमी कळली त्या दिवशी मी दस्तगीरबरोबर जीपने मिरजेला गेलो. दवाखान्यात कागदांवर सह्या झाल्या. वॉर्डातल्या सिस्टरने त्याची पिशवी आणून दिली. त्यात घरची चादर, घरचा पेला, साबणाची वडी, टॉवेल. ती दस्तगीरला म्हणाली, "तुम्ही यांचे सख्खे भाऊ? यांच्याबरोबर कधी कुणी आलंच नाही. आम्ही विचारायचो. चादर इथं मिळते म्हटलं तरी स्वतःचीच अंथरायचे. पाणीसुद्धा आमच्याकडं कधी मागितलं नाही." ऑपरेशनसाठी पुण्याला जायला सांगितलं होतं, असंही ती म्हणाली. दस्तगीर पिशवी छातीशी धरून बाकावर बसला. मी चादरीची घडी बघत होतो. चार पदरी, कडा जुळवलेल्या. माझा मेहुणा पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला आहे. रफीकला हे माहीत होतं. त्या मेहुण्याच्या लग्नात तो पंगतीत वाढायला होता, जिलबीचं ताट त्याच्या हातात होतं. एक शब्द पुरला असता. तो त्याने मला सांगितला नाही, भावाला सांगितला नाही, आणि घरात वहिनींनाही 'थोडं दुखतंय' यापुढे काही सांगितलं नाही. संध्याकाळी कोल्हापुरात माती झाली. मीही मूठभर टाकली. लोक रडत होते. मला रडू येईना... हाताला लागलेली माती कोरडी होती, ती झटकल्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोहित्यांनी मला बोलावलं. वाईट वाटल्याचं त्यांनी मनापासून सांगितलं. मग म्हणाले, "देसाई, आता वस्तुस्थिती बघायला हवी. तो माणूस गेला. मुरगूडचं यंत्र नवीन आहे. त्याचे प्रोग्रॅम तिथं चालले तर ठीक, नाहीतर दुरुस्त करणार कोण? मी पुण्याच्या लोकांशी बोललोय. तुम्ही एकदा प्रयत्न करा. अडलं, तर सगळं नव्याने करून घेऊ, सगळ्याच सेंटरवर." ते चुकीचं बोलत नव्हते. मी त्यांच्या खुर्चीत असतो तर हेच म्हणालो असतो. पण याचा अर्थ मला समजला. मुरगूडला एक आज्ञा जरी अडली असती, तरी रफीकच्या वीसच्या वीस पुसल्या गेल्या असत्या. त्याने मागे दुसरं काही ठेवलेलं नव्हतं. आणि मिरजेच्या यंत्रावर त्या खरंच तपासल्या होत्या की नाही, हेही आता मला माहीत नव्हतं.

बिलाच्या दिवशी मी डबा मांडीवर घेऊन एसटीने मुरगूडला गेलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "जेवान व्हय?" मी हो म्हणालो. ओसरीवर सेक्रेटरी लोक बसलेले होते. बातमी त्यांना कळली होती. एरवी गलका असतो, त्या दिवशी बिड्यासुद्धा बाहेर जाऊन ओढत होते. संपतने नवं यंत्र चालू केलं. मी झाकण काढलं, फडकं उलगडलं. त्याने फ्लॉपी आत घातली, कॉपी केली. मग हात मागे घेतले. "तुमीच दाबा, सायेब. माझ्यानं न्हाय हुणार." मी दाबलं. पडदा थोडा वेळ काळा राहिला. मला मुरगूडचा तो पहिला दिवस आठवला, आणि मी मनात मोजू लागलो तसं प्रिंटरने कर्र केलं. पहिली पट्टी आली. संस्थेचं नाव, लिटर, फॅट, रक्कम. मी ती कागदावर हाताने ताडून बघितली. बरोबर होती. दुसरीही. यंत्राने त्याला काही दिलं नव्हतं, त्याने काही मागितलं नव्हतं. ओसरीवरनं कुणीतरी म्हणालं, "चाललं की!"

शेवटची पट्टी निघाली आणि पडद्यावर ती अक्षरं आली. येतो. संपत बघत राहिला. त्याचे हात मांडीवरच होते. मग उठला आणि म्हणाला, "च्या सांगतो. आज तरी घ्यायाचा, सायेब. न्हाय म्हणायचं न्हाय." मी घेतला. गोड होता, एवढं कळलं.

त्याच्या आज्ञा राहिल्या. मोहित्यांनी स्वतः तसं लिहून दिलं. डबा मी वहिनींकडे परत नेला होता, पण त्यांनी घेतला नाही. "ऱ्हाऊ द्या भावजी, तुमच्याकडं त्येचं काम चालू हाय," म्हणाल्या. तो आता माझ्या टेबलावर असतो, ऑफिसात. झाकणावरची नावं मी वाचत नाही, पण कुठे कोरलीत ते बोटाला माहीत झालंय. दर दहा दिवसांनी मी फडकं उलगडून फ्लॉपी बघतो, परत ठेवतो. यंत्र काम संपवतं, पडद्यावर 'येतो' उमटतं. संपत हल्ली पुन्हा "या की!" म्हणायला लागलाय, फोनवर त्याचा आवाज ऐकू येतो. आमच्या खोलीतली पोरंही म्हणतात. मी पट्ट्या मोजायला घेतो. मी अजून म्हटलेलं नाही.